चिंचवडचे मत कोणाच्या पदरात?



पाळी सुटल्यावर घरी न जाता तुम्ही इथं आलात, तेव्हा लांबण लावत नाही. आम्ही गिरणीतली माणसं, शिक्षण चौथीपर्यंतचं. पण हिशेब आम्हाला कळतो. पगारात दहा रुपये कमी पडले तर आम्ही खात्याच्या दारात उभे राहतो. मग मताचा हिशेब का विचारू नये? आज चिंचवडचा तोच हिशेब मांडायचा आहे.

आधी 1957 साल घ्या. संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेतकरी कामगार पक्ष होता, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होतं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी ही मंडळी एका झेंड्याखाली आली. पुण्यात नानासाहेब गोऱ्यांनी काकासाहेब गाडगीळांसारख्या बड्या माणसाला पाडलं, गिरणगावानं कॉम्रेड डांग्यांना दिल्लीला धाडलं. 1 मे 1960 ला राज्य झालं, आणि समितीची पांगापांग झाली. 1962 ला काँग्रेसनं 264 पैकी 215 जागा उचलल्या. मतं विरली नव्हती, ती वाटली गेली होती.

गिरणगावही कुणा एकाला कायमचं आंदण नव्हतं. 1970 साली कृष्णा देसाईंचा खून झाला. त्या परळच्या पोटनिवडणुकीत लाल बावटा हरला आणि वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. 1982 चा संप झाला, गिरणी कामगार देशोधडीला लागला, आणि 1984 च्या काँग्रेसच्या लाटेत त्याच कामगारांनी डॉक्टर सामंतांना अपक्ष निवडून दिलं. लाल, भगवा, मग अपक्ष. जो संकटात आपल्या बाजूनं दिसला त्याच्याकडे मत गेलं. कधी बरोबर, कधी चुकून. पण गेलं एकगठ्ठा.

चिंचवडला हे गठ्ठ्याचं काय झालं?

इथं गाव आधी आणि कारखाना मागून. 1954 ला पिंपरीत पेनिसिलीनचा सरकारी कारखाना आला, 1962 ला एमआयडीसी झाली, शेतकऱ्याची जमीन गेली. 1970 ला नगरपालिका, 1982 ला महानगरपालिका. कामगार मराठवाड्यातून आला, खानदेशातून आला, आता उत्तरेतून येतो. मूळ गाववाल्यांची भावकी मात्र जागच्या जागी पक्की राहिली. निवडणूक आली की भावकीची एक हाक पुरते. आपल्या खोलीत चौघे राहतात आणि चौघांची नावं चार जिल्ह्यांच्या याद्यांत!

म्हणून इथलं मत चिन्हाला नाही, माणसाला बांधलेलं आहे. 2009 ला चिंचवड विधानसभेचा वेगळा मतदारसंघ झाला, आणि पहिल्याच खेपेला लक्ष्मण जगताप अपक्ष निवडून आले. 2014 च्या उन्हाळ्यात ते शेकापच्या साथीनं मावळ लोकसभेला उभे राहिले, पडले. त्याच साली दिवाळीच्या सुमारास भाजपचे आमदार झाले. तिकडे भोसरीतही 2014 ला अपक्षच आला, आणि पुढं तोही भाजपचा झाला. महापालिकेत 2012 ला राष्ट्रवादीचे 83 नगरसेवक होते, भाजपचे तीन. पाच वर्षांनी भाजपचे 77, राष्ट्रवादीचे 36. पाच वर्षांत सारं शहर विचारानं बदललं असं कुणी सांगितलं तर आम्ही हसू. बरेचसे चेहरे तेच होते, उपरणी बदलली होती.

यात आम्ही मतदाराला नावं ठेवत नाही. अर्धा-एक गुंठा घेऊन घर बांधलेल्या माणसाला विचारा. घर अनधिकृत, वर शास्तीकराची नोटीस, मूळ करावर दुप्पट दंड. बुलडोझर येतो म्हटल्यावर तो जाहीरनामा वाचत बसेल का? जो फोन करून बुलडोझर थांबवील त्याचा तो. शास्तीकर माफ झाला तो 2023 साली, पोटनिवडणुकीच्याच वर्षी. हेही ध्यानात असू द्या. पाण्याचंही तसंच. 2019 च्या नोव्हेंबरात दिवसाआड पाणी सुरू झालं आणि वर्षानुवर्षे तसंच चाललं. वाकडच्या मोठ्या सोसायटीतला साहेब टँकर मागवतो, थेरगावातली आपली बाई हंडा घेऊन थांबते. दोघं एकाच मतदारसंघातले, पण कधी एका सभेला बसलेले आम्ही पाहिले नाहीत.

आता ती पोटनिवडणूक. 26 फेब्रुवारी 2023, वार रविवार. मतदार सुमारे 5 लाख 68 हजार. अश्विनी जगतापांना 1 लाख 35 हजारांवर मतं पडली, नाना काट्यांना 99 हजारांवर, आणि अपक्ष राहुल कलाट्यांना 44 हजारांवर. पाटीवर मांडून बघा: दुसऱ्याची आणि तिसऱ्याची बेरीज पहिल्यापेक्षा मोठी आहे. ती सगळी मतं एका जागी आलीच असती असं आम्ही म्हणत नाही. 2024 ला तिरंगी गुंता नव्हता, तरी शंकर जगताप लाखाच्या वर फरकानं आले. तेव्हा नुसती विरोधकांची मोट बांधून भागत नाही, हेही कबूल करायला हवं.

पण खरा आकडा वेगळाच आहे. त्या रविवारी निम्मे मतदार बाहेरच पडले नाहीत. न दिलेली मतं विजयी मतांच्या दुपटीहून जास्त! कंत्राटी माणसाचा ठेकेदारी कायम का होत नाही, कामावर हात तुटला तर दाद कुणाकडे मागायची, हे चिंचवडच्या प्रचारात का येत नाही, याचं उत्तर इथं आहे. उमेदवार यादी बघतो. यादीत भावकी आहे, सोसायटी आहे, घरवाला आहे. भाडेकरू कामगार नाही. जो यादीत नाही त्याच्यासाठी कोण घसा कोरडा करील?

काहीजण म्हणतात, सुट्टी मिळत नाही. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी कायद्यात लिहिलेली आहे, रोजंदारीवाल्यालासुद्धा. मालकानं नाकारली तर दंड किती? पाचशे रुपयांपर्यंत! एवढ्यात ठेकेदाराचा चहासुद्धा कडू होत नाही. म्हणून सुट्टी एकट्यानं मागू नका, खात्यानं मिळून मागा.

आणि नावाचं म्हणाल तर गावाकडची यादी सोडायला जीव होत नाही, हे आम्ही जाणतो. गावाकडे सरपंच ओळखतो, हाक मारतो. पण वर्षातले अकरा महिने ज्या नळाचं पाणी पिता तो नळ इथला आहे. नाव नवं घालायचं तर सहा नंबरचा फॉर्म, गावाहून इथं आणायचं तर आठ नंबरचा. दोन्ही फॉर्म त्या टेबलावर ठेवले आहेत. लिहिता येत नसेल तर आम्ही भरून देऊ. येताना भाड्याचा करारनामा आणा. घरवाला करारनामा करून देत नसेल तर खोली नंबर सांगून जा, आम्ही चौघे मिळून त्याच्याकडे जाऊ.