पोरगं अवेळी घरी आलं तर
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील मनोगत)

१९८१ साली पुण्यात इन्फोसिस सुरू झाली ती १०,००० रुपयांवर. तेही नारायण मूर्तींनी पत्नीकडून घेतलेले. १९९३ ला ९५ रुपयांचा शेअर आला, तेव्हा लोक घ्यायला कचरत होते. पुढे त्याचं सोनं झालं.

पण या धंद्यात चढ तसा उतारही. २००८ च्या मंदीत आमच्या चिरंजीवांची हिंजवडीची नोकरी गेली. आम्ही बँकवाले, नोकरी अशी जाते हे ठाऊकच नव्हतं. सहा महिने तो इथं मिरजेत नवीन काही शिकत बसला. 'परत कधी जाणार?' असं सोसायटीत एकानंही विचारलं नाही. ते तो अजून विसरलेला नाही.

तेव्हा कुणाचं पोरगं अवेळी घरी दिसलं, तर चौकशी नको, चहाला बोलवा.