खडूने लिहिलेला नंबर आणि फोनमधला कर्नल

आजचा भाग छोटा आहे, पण विषय तुमच्या खिशातलाच आहे.

आमच्या इंदापूरकडे शेतातल्या मोटारीच्या पेटीवर वायरमनचा नंबर लिहिलेला असतो. मोटार बंद पडली की नंबर बघायचा, फोन लावायचा. आता समजा, तो खडूने लिहिलाय. कुणीही पुसून स्वतःचा नंबर टाकेल. तुम्ही विश्वासाने फोन लावणार आणि येणार भलताच माणूस!

अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवर चालतो. कॅमेरा, टचस्क्रीन, वायफाय, सगळ्यांचे ड्रायव्हर असतात आणि त्यांच्याकडे असाच तक्ता असतो: उघडायचं तर या फंक्शनला बोलवा, वाचायचं तर त्या. म्हणजेच फंक्शन पॉइंटरचं स्ट्रक्चर. एखाद्या बगमुळे हल्लेखोराला कर्नलच्या मेमरीत लिहिता आलं, तर तो यातला पत्ता बदलतो. मग कर्नल स्वतःच्या पूर्ण अधिकाराने भलताच कोड चालवतो.

यावर उपाय म्हणजे ऑइलपेंट. सी भाषेत एक शब्द, ‘कॉन्स्ट’. तो लावला की तक्ता वेगळ्या भागात जातो आणि कर्नल तो भाग फक्त वाचण्यापुरता ठेवतो. कुणी लिहायला गेलं, तर प्रोसेसरच अडवतो. काही गोष्टी बूट होताना भराव्याच लागतात. त्यांच्यासाठी 2016 मध्ये, 4.6 आवृत्तीत, ‘आरओ आफ्टर इनिट’ आलं. म्हणजे बूट होईपर्यंत लिहा, नंतर रंग वाळला!

आता माझी फजिती. बीटेकला असताना बारामतीच्या खोलीवर बसून मी एका ड्रायव्हरमध्ये कॉन्स्ट घातलं. कंपायलर ओरडला. मी कास्ट टाकून त्याचं तोंड बंद केलं. मोड्यूल लोड केलं आणि थेट कर्नल ऊप्स! नीट पाहिलं तर कोड सगळ्यांचा सामाईक तक्ता मध्येच बदलत होता. दुसरं डिव्हाइस जोडलं की पहिल्याचंही वागणं बदलायचं. मग दोन वेगळे तक्ते केले, दोन्ही कॉन्स्ट. म्हणजे कंपायलर भांडत नव्हता, बग दाखवत होता.

एवढ्याने फोन अभेद्य होत नाही. चालू असताना तयार होणारा डेटा लिहिता येतोच. पण एक दार बंद होतं, तेही फुकटात.

तर सी लिहिताना स्वतःला विचारा, हे खरंच बदलायचंय का? नसेल तर कॉन्स्ट. आणि फोनचं सिक्युरिटी अपडेट आलं असेल, तर ‘नंतर’ दाबू नका.

भेटू पुढच्या भागात!