उपग्रहाची नजर आणि ग्रामसभेचा हक्क



जंगलाची मोजणी हा केवळ शास्त्राचा प्रश्न कधीच नव्हता. १८७८ च्या कायद्यान्वये इंग्रज सरकारने जंगले राखीव ठरविली, तेव्हा मोजणीच्या साखळीने आदिवासींना त्यांच्याच भूमीवर उपरे केले. आज साखळीची जागा उपग्रहाने व मोजणीदाराची जागा कृत्रिम बुद्धिमत्तेने घेतली आहे. मोजणी कोणाच्या हाती, हा प्रश्न मात्र तसाच उभा आहे.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून उपग्रहचित्रांच्या आधारे वनस्थितीचे अहवाल काढीत आली आहे. एक हेक्टर वा अधिक क्षेत्रावर किमान दहा टक्के वृक्षछत्र असले की ते ‘वनाच्छादन’ ठरते. जमीन कोणाची, झाडे कोणती, हे विचारले जात नाही. सागवान जंगल आणि निलगिरीची लागवड एकाच बेरजेत येतात. २०२३ च्या अहवालातील २१.७६ टक्के हा आकडा याच व्याख्येचा आहे. आकडा खोटा नाही, पण तो मुका आहे.

मध्य प्रदेशाने २०२५ मध्ये पाच वनविभागांत नवा प्रयोग आरंभिला. उपग्रहचित्रांत जमिनीचा वापर बदललेला दिसताच यंत्र वनकर्मचाऱ्याच्या मोबाइलवर इशारा धाडते. चोरटी तोड लवकर उघडकीस येणे हिताचेच आहे. यंत्राला विरोध हा समाजवाद्यांचा मार्ग नव्हे. परंतु कंत्राटदाराने उघडे केलेले रान आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेले शेत यांतील न्यायाचा भेद आकाशातून दिसत नाही.

तो भेद २००६ च्या वनहक्क कायद्याने मानला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीचा हक्क त्याने मान्य केला. २०१२ च्या सुधारित नियमांनी तर स्पष्टच केले की, उपग्रहचित्र हा पूरक पुरावा होय. तो इतर पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही. गावातील वृद्धांची साक्षही कायद्याला पुरावा म्हणून मान्य आहे.

गडचिरोलीतील मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल राखण्याची कुवत गावाच्या अंगी असते, हे त्या गावाने दाखविले आहे.

म्हणून मागणी यंत्रे मोडण्याची नसावी, ती यंत्रे ग्रामसभेच्या हाती देण्याची असावी. उपग्रहचित्रे गावाला मराठीत, गोंडीत समजावून मिळावीत. इशारा प्रथम ग्रामसभेच्या समितीकडे जावा. जागेवरील पाहणीवाचून एकही दावा फेटाळला जाऊ नये. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी हे तीन मुद्दे येत्या ग्रामसभांपुढे ठरावरूपाने मांडले पाहिजेत. ज्ञानाची मालकी मूठभरांकडे राहिली, तर जंगलाची मालकीही त्यांच्याकडेच जाईल.