त्रिकोणांतून उभी राहिलेली मानवाकृति

व्यक्तिचित्र पाहतांना पाहणाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तें हुबेहूब आहे काय? मुंबईच्या दिवाणखान्यांतील तैलचित्र असो, कीं बुलढाणा जिल्ह्यांतील धाडसारख्या गांवीं ओसरीवर टांगलेली वाडवडिलांची तसबीर असो, नाक-डोळे जुळले म्हणजे घरचीं माणसें संतुष्ट होतात. या समजुतीला विसाव्या शतकाच्या आरंभीं पॅरिसमध्यें मोठा धक्का बसला.

पिकासो व ब्राक यांनीं १९०७ नंतरच्या कांहीं वर्षांत जी पद्धति पुढें आणिली, तिला क्यूबिझम अथवा घनवाद म्हणतात. वस्तु एकाच जागेवरून पाहून रंगवावयाची नाहीं. तिच्या निरनिराळ्या बाजू सुट्या करून त्या एकाच पटावर शेजारीं शेजारीं मांडावयाच्या, हें तिचें मर्म. मारिया ब्लान्शार (१८८१-१९३२) या स्पॅनिश चित्रकर्त्रीनें १९१६ सालीं रंगविलेली ‘पंखा घेतलेली स्त्री’ याच पद्धतीची आहे. चित्रांत स्त्री आहे, पंखाहि आहे. परंतु दोहोंचा शोध पाहणारानेंच घ्यावयाचा असतो. रूपाची वाखाणणी करून पुढें जाण्याची सोय त्या चित्रानें ठेविलेली नाहीं.

असल्या चित्रांवर एक आक्षेप नेहमीं येतो. ज्याला सरळ चेहरा काढतां येत नाहीं, तोच तो मोडून दाखवितो, असें म्हटलें जातें. या आक्षेपाचें उत्तर गोव्यांतील एका चित्रकार घराण्यांत सांपडतें.

सांगें येथें १८७० सालीं जन्मलेले आंतोनियु शाव्हियेर त्रिंदाद हे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत शिकले व पुढें तेथेंच अध्यापक झाले. छायाप्रकाशावरील त्यांच्या प्रभुत्वामुळें ‘पूर्वेकडील रेम्ब्रां’ असा त्यांचा लौकिक झाला. त्यांच्या कन्या अँजेला (१९०९-१९८०) त्याच कलाशाळेच्या विद्यार्थिनी. घरीं पिता, शाळेंत तीच परंपरा. त्यांचीं आरंभींचीं व्यक्तिचित्रें त्याच वास्तववादी वळणाचीं आहेत. हुबेहूबपणा त्यांच्या हातीं पूर्णपणें आलेला होता.

१९३५ सालीं वडील निवर्तले. अँजेला यांनीं पुढें ख्रिस्तकथेंतील व्यक्तींना भारतीय वेष दिला. मेरीला साडी नेसविली. नंतरच्या काळांत त्यांनीं त्रिकोण हाच रचनेचा पाया धरला आणि या शैलीला ‘त्रिंदादिझम’ हें नांव दिलें. पोर्तुगीज भाषेंत ‘त्रिंदाद’ म्हणजे त्रैक्य, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांची एकता. आडनांव, श्रद्धा आणि आकार अशीं तिन्ही तेथें एकत्र आलीं.

गिऱ्हाइकाला हवी असते ती हुबेहूब प्रतिमा, आणि व्यक्तिचित्रकाराचा चरितार्थ तिच्यावरच चालतो. तें कसब वारशानें मिळालेलें असतां तें बाजूस सारणें म्हणजे ठरलेली वाट सोडणें होय. वडिलांचा अव्हेर मात्र यांत नाहीं. त्यांचें नांवच नव्या शैलीनें शिरीं धारण केलें.

अँजेला यांचें देहावसान दूर ब्राझिलमध्यें झालें. पणजींतील फुंदासांव ओरिएंत या संस्थेंत मात्र पिता व कन्या या दोघांचींहि चित्रें जतन केलेलीं आहेत. जिज्ञासूंनीं तीं सावकाश पाहावींत. पित्याच्या चित्रापाशीं ‘हा कोण?’ हें लगेच कळतें. कन्येच्या त्रिकोणांपाशीं थोडें थांबावें लागतें, आणि तेवढें थांबण्याचीच त्या चित्रांची अपेक्षा आहे.