जुने विज्ञानपट, नवे अवतार



मराठी शिकवणाऱ्या बाईंनी परग्रहावरच्या पाहुण्यांबद्दल बोलायचं ठरवलं, याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. माझ्या मनात मात्र या विषयाचा आणि आपल्या अभ्यासाचा संबंध सरळ आहे. आगरकरांनी 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' केलं, देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' केलं. म्हणजे एकाची गोष्ट दुसऱ्याने आपल्या काळासाठी पुन्हा सांगायची, हा उद्योग मराठीला नवा नाही. भाषांतर, अनुवाद, रूपांतर असे तीन शब्द आपण त्यासाठी बाळगून आहोत. सिनेमावाल्यांचं 'रीमेक' या एकाच शब्दावर भागतं. त्या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी लपतात, आणि रीमेकवरचे आपले बरेच वाद त्यातूनच निघतात.

जुन्या गाजलेल्या विज्ञानपटांचे नवे अवतार मुळाच्या तोडीचे असतात का? हा प्रश्न वर्गात निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, जुनं ते सोनं. दुसरा म्हणतो, त्या काळी पुठ्ठ्याची यानं आणि रबराची भुतं होती, आता संगणकावर हवं ते दाखवता येतं, मग नवं सरस ठरणारच. दोघंही चित्रपटाच्या कातडीबद्दल बोलतात. मला वाटतं, चांगला विज्ञानपट आपल्या हाती एक प्रश्न ठेवतो आणि निघून जातो. घरी जाताना तो प्रश्न आपल्यासोबत येतो. नव्या अवताराने तो प्रश्न, किंवा त्याच्या तोलाचा दुसरा, आपल्या हाती दिला का, एवढं मी तपासते. तो प्रश्न पडद्यावरच सोडवून टाकला असेल, तर शंभरपट खर्च केला तरी काम अर्धवट राहतं.

आधी एक खुलासा करते. ज्याला आपण 'मूळ चित्रपट' म्हणतो, तोही बहुतेकदा रूपांतरच असतो. 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' हॅरी बेट्सच्या १९४० सालच्या कथेवरून आला. 'द थिंग'च्या मुळाशी जॉन कॅम्पबेलची १९३८ची दीर्घकथा आहे. 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' जॅक फिनीच्या कादंबरीवरून, तर 'द फ्लाय' जॉर्ज लांगलानच्या १९५७च्या कथेवरून केलेला आहे. त्यामुळे नव्या दिग्दर्शकापुढे दोन वाटा असतात. आधीच्या चित्रपटाची नक्कल करायची, किंवा त्या चित्रपटाला वळसा घालून कथेच्या विहिरीवर जायचं आणि स्वतःची घागर भरायची.

आता 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' घेऊ. रॉबर्ट वाइज दिग्दर्शित चित्रपट १९५१चा. महायुद्ध संपून सहा वर्षं झालेली, अणुबाँब दोन्ही महासत्तांच्या हाती आलेला. वॉशिंग्टनच्या हिरवळीवर एक तबकडी उतरते. तिच्यातून क्लाटू नावाचा पाहुणा बाहेर येतो, आणि पहिल्याच मिनिटाला घाबरलेल्या सैनिकाची गोळी त्याला लागते. पुढे तो रुग्णालयातून निसटतो आणि एका साध्या खाणावळवजा घरात भाडेकरू म्हणून राहतो. तिथल्या लहान मुलाबरोबर तो सैनिकांची कबरस्तानं आणि लिंकनचं स्मारक पाहतो. आपली ताकद दाखवायची वेळ येते, तेव्हा तो जगभरची वीज अर्धा तास बंद करतो, तेही रुग्णालयं आणि उडती विमानं वगळून. शेवटी जगभरच्या शास्त्रज्ञांसमोर उभा राहून तो सांगतो की तुमची भांडणं तुमच्यापाशी ठेवा, पण तुमची हिंसा अंतराळात आणलीत तर पृथ्वीची राख होईल. निर्णय तुमचा, एवढं बोलून तो जातो. चित्रपट तिथेच संपतो. आपण काय ठरवलं, ते पडद्यावर कुठेच नाही.

या चित्रपटावरून २००८ साली स्कॉट डेरिकसनने नवा चित्रपट केला. त्याने एक गोष्ट योग्य ओळखली. आता अणुबाँबइतकीच पर्यावरणाचीही भीती आहे. इथला क्लाटू माणसापासून पृथ्वीला वाचवायला आलेला आहे. कल्पना नक्कीच कालसुसंगत आहे. तांत्रिक बाजू भक्कम आहे. गॉर्ट हा यंत्रमानव फुटून सूक्ष्म यांत्रिक कीटकांचं वादळ होतो आणि वाटेत येईल ते फस्त करत सुटतो. तरीही हा चित्रपट मनात फार काळ टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. का टिकत नसावा? माणसं विनवण्या करतात की आम्ही बदलू शकतो. एका कबरीपाशी बाईला आणि मुलाला रडताना पाहून क्लाटूचं मन द्रवतं, आणि तो संहार थांबवतो. त्याची किंमत म्हणून जगातली यंत्रं बंद पडतात. म्हणजे निकालही त्याचा आणि शिक्षाही त्याचीच. १९५१मध्ये प्रेक्षक आरोपीही होता आणि न्यायाधीशही. २००८मध्ये तो नुसता दयेचा अर्जदार झाला. भीती बदलली, ते बरोबरच झालं. पण निर्णय आपल्या हातून काढून घेतला, आणि त्याबरोबर चित्रपटाचा कणाच गेला.

यावर कुणी म्हणेल, हा जुन्या-नव्याचाच फरक झाला. तसं नाही, हे दाखवायला 'बॉडी स्नॅचर्स'ची वंशावळ पाहू. एकच कथा चार वेळा चित्रपटात आली. डॉन सीगलच्या १९५६च्या चित्रपटात सांता मिरा नावाचं लहान गाव आहे. अंतराळातून आलेल्या बियांच्या मोठमोठ्या शेंगांमधून माणसांच्या हुबेहूब प्रती तयार होतात. चेहरा तोच, आठवणी त्याच, माया तेवढी नाही. गावातली माणसं डॉक्टरकडे येऊन सांगतात की हे माझे काका नाहीत. लहान गावात माणूस बदलला की कळतं, कारण सगळे सगळ्यांना ओळखतात. सीगलला चित्रपट संपवायचा होता तो महामार्गावर धावत येणाऱ्या गाड्यांना ओरडून सावध करणाऱ्या डॉक्टरवर. निर्मात्या कंपनीला तो शेवट फार काळा वाटला. तिने पुढेमागे रुग्णालयातले प्रसंग जोडून घेतले, आणि अधिकारी फोन उचलतात तिथे आशेचा पडदा पाडला. म्हणजे प्रश्न बंद करण्याची घाई जुन्या काळातही होतीच.

फिलिप कॉफमनने १९७८मध्ये हीच गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोला नेली, आणि त्या स्थलांतराने सगळं बदललं. मोठ्या शहरात शेजारचा माणूस कोण हे आधीच कुणाला ठाऊक नसतं. मग तो बदलला हे कळणार कसं? नवराबायकोतला दुरावा हा शेंगेचा परिणाम की संसाराचा, हेही सांगता येत नाही. पहिल्या चित्रपटात डॉक्टर झालेले केव्हिन मॅकार्थी इथे क्षणभर येतात, रस्त्यात गाड्यांवर हात आपटत तोच इशारा देत धावतात. जणू बावीस वर्षं ते धावतच आहेत आणि कुणी ऐकलेलं नाही. शेवटी आपण ज्याच्यावर विसंबलो, तोच नायक ओळखीच्या बाईकडे बोट दाखवून किंचाळतो. मॅकार्थींना परत आणून कॉफमनने मुळाला नमस्कार केला, आणि निर्मात्यांनी बुजवलेला प्रश्न पुन्हा उघडा केला. मुळाच्या तोडीचा रीमेक म्हणून कुणी एकच नाव विचारलं, तर मी हे सांगते.

एबल फेरारा यांनी १९९३मध्ये ही कथा लष्करी छावणीत नेली. जिथे सगळे आधीच एकसारखे चालतात, तिथे नक्कल ओळखायची कशी, हा प्रश्नही अस्सल आहे. २००७च्या 'द इन्व्हेजन'मध्ये शेंगांऐवजी अवकाशयानाबरोबर आलेला संसर्ग आहे. त्यातही एक जबरदस्त विचार दडलेला होता. बाधित माणसांच्या जगात युद्धं थांबू लागतात. मग माणूसपण सोडून शांतता मिळत असेल तर ती घ्यावी का? शेवटच्या मिनिटात चित्रपट या विचाराकडे वळून पाहतो, पण तोवर लस निघालेली असते आणि माणसं पूर्ववत झालेली असतात. लस हाती आल्यावर प्रश्नाची धार कुठून राहणार?

तंत्राबद्दल आता बोलायला हवं, नाहीतर विद्यार्थी म्हणतील, बाईंना तंत्राचं वावडं आहे. 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड' १९५१चा. हॉवर्ड हॉक्स निर्माते, ख्रिश्चन नायबी दिग्दर्शक. उत्तर ध्रुवाकडच्या तळावर बर्फात गाडलेला परग्रहवासी सापडतो. कॅम्पबेलच्या कथेतला जीव कुणाचंही रूप घेऊ शकणारा होता. या चित्रपटात तो वनस्पतीच्या जातीचा एक धिप्पाड राक्षस झाला. शत्रू बाहेरून येतो, माणसं एकजूट करतात, शत्रू मरतो. चित्रपट रंगतदार आहे, पण कथेतला प्रश्न तिथे उरला नाही. जॉन कार्पेंटर १९८२मध्ये कॅम्पबेलकडे परत गेला. अंटार्क्टिकावरच्या तळावर बारा माणसं, आणि त्यांतला कोण माणूस राहिला आहे, हे कुणालाच माहीत नाही. रॉब बॉटिनने रबर, रसायनं आणि यांत्रिक सांगाडे वापरून घडवलेली रूपांतरं आजही अंगावर येतात. इथे तंत्र प्रश्नाच्या सेवेला आहे. शरीर असं वितळू शकत असेल, तर समोरच्याच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा कशाच्या जोरावर? तापलेल्या तारेने प्रत्येकाच्या रक्ताची परीक्षा होते, तेव्हा आपण माणूस आहोत याची स्वतःलाही खात्री नसल्यासारखी माणसं बसलेली असतात. शेवटी जळत्या तळाच्या उजेडात दोघे उरतात, एकमेकांकडे पाहत. त्यांच्यातला कुणी 'तो' आहे का, ते कार्पेंटर सांगत नाही.

हा चित्रपट आला तेव्हा समीक्षकांनी त्याला झोडपलं, आणि तिकीटबारीवरही तो पडला. दोनच आठवडे आधी स्पीलबर्गचा 'ई.टी.' आला होता, आणि प्रेक्षकांना प्रेमळ पाहुणा हवा होता. आज त्याला अभिजात मानतात. नव्या अवताराचा निवाडा पहिल्या आठवड्यात करू नये, इतका धडा त्यातून घ्यावा. त्याच नावाचा २०११चा चित्रपट कार्पेंटरच्या कथेच्या आधीचा भाग सांगतो. त्यात प्रत्यक्ष घडवलेल्या आकृत्यांवर संगणकाची चित्रं चढवली गेली. राक्षस जास्त दिसतो, आणि संशय कमी वाटतो.

एक आक्षेप मी स्वतःच घेते. प्रत्येक चित्रपटाचा शेवट अधांतरी ठेवायचा, असं माझं म्हणणं आहे का? अजिबात नाही. डेव्हिड क्रोननबर्गचा १९८६चा 'द फ्लाय' पुरता संपतो. नायक मरतो, काहीही शिल्लक राहत नाही. १९५८च्या चित्रपटात अपघात झाला की शास्त्रज्ञाचं डोकं आणि एक हात एका क्षणात माशीचे होतात. क्रोननबर्गने तो क्षण ताणून आठवड्यांचा केला. आधी अंगात बळ येतं, मग केस राठ होतात, नखं निखळतात, दात गळतात. त्याच्यावर प्रेम करणारी बाई दर भेटीत थोडा कमी झालेला माणूस पाहते. घरात दीर्घ आजाराचं माणूस ज्यांनी सांभाळलं आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. हा अजून तोच आहे का, आणि किती दिवस? गोष्ट संपते, हा प्रश्न संपत नाही. शेवट बंद करणं आणि प्रश्न बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या चित्रपटामुळे स्पष्ट झालं.

मित्रहो, हे सारं अमेरिकेतल्या चित्रपटांबद्दल झालं. पण गोव्यात बसून मी हे बोलते आहे, आणि इथे देवळाच्या उत्सवात जुनं नाटक पुन्हा उभं करणारी मंडळं आहेत. या सभागृहातही त्यांतली माणसं असतील. जुनी संहिता हाती घेतली की आपल्या बैठकांत चर्चा कशाची होते? पदं किती ठेवायची, पडदे कुठून आणायचे, शालू कुणाचा, ऑर्गनला कोण. ही कामं करावीच लागतात. त्यांच्या जोडीला एका बैठकीत हेही विचारलं जावं, की या नाटकाने त्या दिवशीच्या प्रेक्षकाच्या हाती काय ठेवलं होतं.

देवलांचं 'संगीत शारदा' १८९९चं. पैशासाठी बाप आपली पोर म्हाताऱ्याला द्यायला निघतो. लग्न मोडतं, ते वधूवर सगोत्र आहेत हे उघड होतं म्हणून. कथानकाची गाठ देवलांनी शास्त्राच्या आधाराने सोडवली. मुलीची इच्छा काय, यावर मांडव थांबला नाही, तो गोत्रावर थांबला. गोत्र वेगळं असतं तर? त्या काळच्या प्रेक्षकाने हा प्रश्न घरी नेला असेल, तर नाटकाचं काम झालं. आज 'शारदा' करताना शालू नवा असो वा जुना, लग्न मोडल्यावर रंगमंचावर जो सुटकेचा निःश्वास पडतो, त्या क्षणी दिग्दर्शकाने काय करायचं ठरवलं आहे, ते पाहायला मी नक्की येईन.