घर शहरात, कागद गावात

आम्ही घनसावंगी तालुक्यातल्या. आज शहरातल्या घराबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आपण खेड्यातल्या, आपल्याला शहरातल्या घराचं काय? पण तुमच्या गल्लीत असं किती घरं आहेत, ज्यातलं कुणीच पुण्याला नाही? २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जालना जिल्ह्यातून जी पोरं पोटासाठी गेली, त्यातली कितीतरी परत आलीच नाहीत. कुणी बांधकामावर लागलं, कुणी कंपनीत. दुसऱ्याचे मजले चढवतात आणि स्वतः पत्र्याच्या खोलीत भाडं भरतात.

मागच्या बैठकीत हप्ते भरून झाले, सगळ्या उठल्या, पण आमच्यातली एक जण बसूनच राहिली. तिचा मुलगा आणि सून मोशीकडे राहतात. सुनेनं पुण्यात पंतप्रधान आवास योजनेत घरासाठी अर्ज केला होता. तो बाद झाला. वर एका माणसानं "नंबर लावून देतो" म्हणून वीस हजार घेतले होते, ते गेले. त्यातले सात हजार आपल्या गटाच्या कर्जातले होते. ती काही रडली नाही. एवढंच म्हणाली, "माझं नाव लावलं असतं तर पोरीचं घर झालं असतं."

आम्हाला तेव्हा काही उलगडलं नाही. मग सगळ्यांनी मिळून तिचे कागद काढले.

शहरांसाठीची ही आवास योजना २०१५ साली सुरू झाली. सप्टेंबर २०२४ पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल, तर घरामागं केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख मिळतात. हे पैसे सगळ्यांच्या हातात येत नाहीत बरं का. शहरात स्वतःची जागा असेल आणि तिथं बांधायचं असेल, तर हप्त्याहप्त्यानं खात्यात येतात. बांधलेला फ्लॅट घ्यायचा असेल, तर किमतीतून वजा होतात आणि उरलेले आपणच उभे करायचे. पिंपरी-चिंचवड महापालिकेनं चऱ्होली, बोऱ्हाडेवाडी आणि रावेत इथल्या ३,६६४ घरांसाठी २०२१ मध्ये सोडत काढली, ती याच योजनेतली.

आता मुख्य अट ऐका. अर्ज करणाऱ्या कुटुंबाच्या नावावर भारतात कुठंही पक्कं घर नको. पुण्यात नाही म्हणून भागत नाही, गावात असलं तरी अडतं. आणि दुसऱ्या टप्प्यात अशीही अट आहे की, मागच्या वीस वर्षांत सरकारच्या कुठल्याही योजनेतून घर मिळालेलं नको. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. सासू-सासरे यात धरत नाहीत. सासूच्या नावावर गावात घरकुल असेल, तरी लग्न झालेल्या मुलाला शहरात अर्ज करता येतो.

आमच्या मैत्रिणीचं नेमकं इथंच अडलं. गावातल्या घरकुलाच्या यादीत तिच्या मालकाचं नाव होतं. मंजुरी यायच्या आधी ते वारले. वारस म्हणून हिचं नाव लागायला हवं होतं. पण घरात ठरलं, म्हातारीला कशाला पंचायतीत अन् बँकेत हेलपाटे, पोराचं लावा. लागलं. एक लाख वीस हजारांचं घरकुल झालं, मुलाच्या नावावर. त्यात राहते ती एकटी. मुलगा दिवाळीला चार दिवस येतो. सुनेनं शहरात अर्ज केला, आधार नंबर टाकला, आणि गावचं घरकुल समोर आलं. नवऱ्याच्या नावावर आहे म्हणजे तिच्याही कुटुंबात आलंच.

आम्हीही त्या वेळी गावात होतो. कुणी विचारलं नाही की घरात बाई जिवंत आहे, मग नाव पोराचं का? नियम तर गावच्या घरकुलालाही हाच आहे की बाईचं नाव असावं, किंवा नवरा-बायको दोघांचं. शहरातही तसंच. पण नियम कागदावर राहतो आणि नाव लागतं पुरुषाचं. यात आमचीही चूक आहे. गटात आम्ही व्याजाचा हिशेब पैशापर्यंत ठेवतो, घर कुणाच्या नावावर आहे ते मात्र एकमेकींना विचारत नाही.

बायांनी मिळून विचारलं तर काय होतं, ते सोलापूरला बघा. विडी वळणाऱ्या बायांनी कित्येक वर्षं मोर्चे काढले. आधी कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं झाली. मग तिथंच रे नगर आलं, तीस हजार घरांचं, याच आवास योजनेतून. पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली आणि पहिली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये मिळाली. म्हणजे एवढी माणसं एकत्र असूनही पायाभरणीनंतर पाच वर्षं लागली. कुणी महिन्याभरात घर देतो म्हणालं, तर त्याला ओट्यावरूनच परत पाठवा.

सुनेचं सगळंच दार बंद झालं असं नाही. म्हाडाची जी घरं आवास योजनेतली नसतात, त्यांची अट वेगळी आहे. ज्या शहरात घर घ्यायचं, त्या शहराच्या हद्दीत आपल्या किंवा नवऱ्याच्या नावावर घर नको. गावातलं घर तिथं आड येत नाही. पुण्याच्या भागात नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न सहा लाखांच्या आत असेल, तर अत्यल्प गटातून अर्ज करता येतो. अडीच लाखांची मदत मात्र नसते, घर तेवढं महाग पडतं, आणि पगाराची पावती नसलेल्याला बँक लवकर दारात उभं करत नाही. हे आम्ही तिला स्पष्ट सांगितलं. म्हाडाचा अर्ज ऑनलाइन असतो. अनामत भरावी लागते, नंबर नाही लागला तर ती खात्यात परत येते. म्हाडानं एकही दलाल नेमलेला नाही.

त्यासाठी अधिवासाचा दाखला लागतो, महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा. हाती लिहिलेला जुना चालत नाही, बारकोडचा हवा. इथं पुन्हा बाईचीच अडचण. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच काहीतरी. सुनेच्या लग्नाची नोंदही नव्हती. पोरी दोन नावांनी जगतात आणि दोन्हींचा पुरावा त्यांनाच मागितला जातो!

मागच्या रविवारी ती रात्रीच्या गाडीनं आली. सोमवारी आमच्यातल्या दोघी तिच्यासोबत तिच्या माहेरच्या, परतूर तालुक्यातल्या शाळेत गेल्या. गुरुजींनी जुनं रजिस्टर काढून दाखला दिला. मंगळवारी ग्रामपंचायतीत लग्नाच्या नोंदीचा अर्ज दिला. सासूनं पंचायतीबाहेर बसून तिच्या धाकट्याला सांभाळलं.

आता आमच्या गटात ठरलं आहे. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या घराचा नमुना नंबर आठचा उतारा आणायचा. ग्रामपंचायतीत मिळतो. त्यावर कुणाचं नाव आहे ते मोठ्यानं वाचायचं. जिचं घरकुल यादीत आहे पण अजून मंजूर व्हायचं आहे, तिचा कागद आधी वाचायचा. तुमच्या गटात वाचून झालं की आम्हाला कळवा, पुढच्या वेळी आपण नोंदीत नाव कसं लावतात यावर बोलू.