हातोडी शोधताना सापडलेला काळ



इंग्लंडच्या पूर्वेस सफक नावाचा परगणा आहे. तेथील हॉक्सन या खेड्यात १६ नोव्हेंबर १९९२ रोजी एरिक लॉज नावाचे निवृत्त माळी शेतात धातुशोधक यंत्र फिरवीत होते. यंत्र त्यांना निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेले होते. शोध सोन्याचा नव्हता. शेतकरी मित्राची हातोडी हरवली होती, ती हुडकायची होती. यंत्र वाजले, माती उकरली आणि हातोडीऐवजी चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी वर येऊ लागली.

लॉज यांचा खरा मोठेपणा यापुढे दिसतो. त्यांनी थोडेसे उकरले आणि हात आवरला. जमीन परगण्याच्या परिषदेच्या मालकीची होती. परिषदेला आणि पोलिसांना वर्दी गेली आणि दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी ती जागा शास्त्रशुद्ध रीतीने खणून काढली. १४,८६५ रोमन नाणी निघाली. त्यांत ५६९ सोन्याची, उरलेली जवळजवळ सर्व चांदीची. शिवाय सुमारे दोनशे दागिने व भांडी. परंतु खरा लाभ या आकड्यांत नाही. हा ठेवा ओकच्या लाकडी पेटीत होता, भांड्यांमध्ये गवत घालून ती जपून रचलेली होती, आत छोट्या डब्यांना चांदीची इवलीशी कुलपे होती, हे सारे कळले. लाकूड तर कधीच कुजून गेले होते. पण वस्तू जागच्या जागी राहिल्या होत्या, म्हणूनच नाहीशा झालेल्या पेटीचा आकारही मांडता आला. एका रात्रीत फावड्याने सारे उपसले असते, तर सोने उरले असते. पेटी गेली असती.

यातील सर्वांत अलीकडची नाणी इसवी सन ४०७ नंतरची आहेत. म्हणजे रोमन सत्ता ब्रिटनमधून पाय काढता घेत होती, तो हा काळ. बहुतेक चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरलेल्या आहेत, मात्र सम्राटाच्या मुखवट्याला धक्का लावलेला नाही. नवी नाणी येणे थांबले तेव्हा लोकांनी जुन्यांच्या कडा कापून चांदी वाचवली आणि नाणे चालूच ठेवले. राज्य मोडकळीला आल्यावर बाजाराने काय केले, याची ही साक्ष एखाद्या बखरकाराने लिहून ठेवली नसती.

याच पेटीत मिरपूड शिंपडण्याची चार चांदीची पात्रे होती. एक स्त्रीच्या अर्धपुतळ्याच्या आकाराचे, जेमतेम दहा सेंटिमीटर उंचीचे. तळाशी फिरती चकती. ती एका खुणेवर आणली की पात्र भरता येई, दुसऱ्या खुणेवर पूड शिंपडता येई, तिसऱ्यावर ते बंद होई. त्या काळी रोमन जगतात काळे मिरे जात असे ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून, मलबारच्या बाजूने. सफकच्या धनिकाच्या ताटावर केरळचे मिरे! आपल्या पूर्वजांच्या समुद्रव्यापाराचा हा पुरावा हातोडी हरवल्यामुळे उजेडात यावा, हा योगायोगच. ती हातोडीही पुढे सापडली आणि आज ब्रिटिश म्युझियममध्येच आहे. लॉज यांना मिळालेले साडेसतरा लाख पौंडांचे पारितोषिक त्यांनी शेतकरी मित्रासमवेत वाटून घेतले.

पुढे १९९६ मध्ये तेथे नवा निधिकायदा संमत झाला आणि १९९७ पासून हौशी शोधकांनी आपले सापडलेले तुकडे स्वेच्छेने नोंदवावेत अशी योजना सुरू झाली. आजवर पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. त्यांत बहुतांश बक्कल, बटणे, मोडकी नाणी, म्हणजे ज्यांना बाजारात कवडीची किंमत नाही अशा वस्तू. पण त्यांच्या नकाशावरील ठिपक्यांतून विस्मृत वस्त्या आणि रस्ते दिसू लागले.

सगळेच शोधक लॉज यांच्यासारखे नसतात, हेही सांगितले पाहिजे. २०१५ साली ऑक्सफर्डशायरमध्ये एका शोधकाला नवव्या शतकातील नाण्यांचा ठेवा सापडला. त्याने तो कळविला आणि मातीच्या ढेकळासकट तो उचलला गेला. त्याच वर्षी हेरफर्डशायरमध्ये तशाच काळाचा ठेवा इतर दोघांना सापडला. त्यांनी तो लपवून विकावयास काढला. सुमारे तीनशे नाण्यांपैकी तीसेक हाती आली. २०१९ मध्ये दोघांनाही कारावास झाला. इतिवृत्ताने ज्याला मूर्ख मांडलिक ठरवले, तो मर्शियाचा राजा केओलवुल्फ हा आल्फ्रेडचा बरोबरीचा सहकारी होता, हे सांगणारी नाणी ती. उरलेल्यांनी आणखी काय सांगितले असते?

आता आपल्या गोदाखोऱ्याकडे वळावे. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांतील दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे उमटविलेली आहेत. परकीय क्षत्रपाच्या मुखवट्यावर सातवाहनांचा ठसा. नाशिकच्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्रीच्या शिलालेखात आपल्या पुत्राने क्षहरातांचा वंश निर्मूल केला असे कोरलेले आहे. मातेने पुत्राची केलेली ती केवळ स्तुती असेल, अशी शंका कोणी घेतलीच, तर ही नाणी उत्तर देतात.

दायमाबादची कथा थोडी हुरहुर लावणारी आहे. प्रवरेच्या काठी १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाची मुळे खणताना चार ब्राँझ शिल्पे मिळाली: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक. त्या शेतकऱ्याच्या फावड्याने महाराष्ट्राचा प्राचीन इतिहास उजळला. परंतु शिल्पे शास्त्रीय उत्खननात, थराथरांतून निघालेली नसल्याने ती नेमकी कोणत्या काळाची, हा वाद विद्वानांत चालत राहिला. त्याच टेकाडावर उत्खननही झाले, तरी शिल्पांभोवतीची ती ओंजळभर माती परत आली नाही.

विहीर खणताना, वाड्याचा पाया काढताना, नांगराच्या फाळाला अडकून आजही हंडे-लोटे निघतात. ते सोनाराकडे गेले की वितळतात. आपल्याकडचा निधिकायदा १८७८ चा आहे. दहा रुपये वा अधिक मोलाचा निधी सापडला की जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते. कोणी मालक पुढे आला नाही आणि उभयतांत वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे व एक हिस्सा जमीनमालकाचा. सरकारने तो घेतला तर मूल्याहून एकपंचमांश अधिक द्यावे लागते. पोलीस सारे उचलून नेतील या भीतीने अनेकजण गप्प बसतात, त्यांना हे कलम ठाऊक नसते. त्या अर्जात काय लिहावे हेही कायद्यात आहे: वस्तूचे स्वरूप आणि मोल, सापडल्याची तारीख, आणि नेमके ठिकाण.